पहिल्यांदा पाहणारा आणि पुन्हा पुन्हा पाहणारा : अमेरिकी ड्रम कोअरमधील रचनेचा पेच

अमेरिकेतील स्पर्धात्मक ड्रम कोअरच्या कार्यक्रमाची आखणी करणाऱ्यांना कलात्मक महत्त्वाकांक्षा आणि प्रेक्षकांची पसंती यांचा मेळ घालावा लागतो, असे नेहमी म्हटले जाते. हे म्हणणे खोटे नाही, पण त्यातून पेचाचे नेमके स्वरूप कळत नाही. सामान्य प्रेक्षकाला सोपे हवे असते आणि परीक्षकाला अवघड, अशी विभागणी इथे टिकत नाही, कारण स्टेडियममध्ये तिकीट काढून बसलेल्यांपैकी पुष्कळजण तरुणपणी याच मैदानावर वाजवून गेलेले असतात, काही शाळांमधील बँडचे शिक्षक असतात, आणि बार्टोक किंवा कोपलंड या संगीतकारांची नावे त्यांना परकी नसतात. खरा फरक रुचीचा नसून पाहण्याच्या संख्येचा आहे. बहुतेक प्रेक्षक एका पथकाचा कार्यक्रम उन्हाळ्यात एकदाच पाहतात. परीक्षक तोच कार्यक्रम अनेकदा, गुणपत्रिका समोर ठेवून पाहतो. आणि रचनाकारांनी तो इतक्या वेळा पाहिलेला असतो की पहिल्यांदा पाहणाऱ्याला काय दिसेल हे सांगण्याची क्षमताच ते हळूहळू गमावून बसतात. या तिसऱ्या गोष्टीची चर्चा फारशी होत नाही, मात्र कामाच्या दृष्टीने सर्वांत जास्त त्रास तीच देते.

ड्रम कोअर म्हणजे केवळ ढोलांचे पथक नव्हे. पितळी फुंकवाद्ये, तालवाद्ये आणि झेंडे, रायफलीच्या आकाराची लाकडी साधने व तलवारी फिरवत नृत्य करणारा ‘कलर गार्ड’ असे त्याचे तीन भाग असतात. क्लॅरिनेट, बासरी यांसारख्या वाद्यांना त्यात जागा नसते. तालवाद्यांपैकी गळ्यात अडकवून चालता येतील अशी वाद्ये पथकाबरोबर मैदानभर फिरतात, तर मरिंबा, व्हायब्राफोन, टिंपनी यांसारखी जड वाद्ये मैदानाच्या पुढच्या कडेला एका जागी मांडलेली असतात आणि त्या भागाला ‘पिट’ म्हणतात. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दीडशेहून अधिक तरुण-तरुणी, ज्यांच्या वयाची वरची मर्यादा साधारण २२ वर्षांची असते, दहा-बारा मिनिटे वाजवत, धावत आणि आकृत्या बदलत राहतात. या आकृत्यांच्या आराखड्याला ‘ड्रिल’ म्हणतात. मे महिन्यात सलग निवासी सराव सुरू होतो, जूनअखेरीस स्पर्धा सुरू होतात, आणि ऑगस्टच्या मध्याला अंतिम फेरी होते, जी २००९ पासून इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये भरत आली आहे.

कलात्मक स्वातंत्र्याचा प्रश्न या क्षेत्राच्या जन्मापासून त्याला चिकटलेला आहे. १९७० पर्यंत अशा स्पर्धांवर अमेरिकन लीजन आणि व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स या माजी सैनिकांच्या संघटनांचे नियंत्रण होते, आणि राष्ट्रध्वजाची मानवंदना, लष्करी शिस्त, वाद्यांच्या रचनेवरील बंधने यांचे नियम त्या ठरवत असत. आपल्या स्पर्धेचे नियम आपणच ठरवावेत या आग्रहातून काही पथकांच्या संचालकांनी १९७१ मध्ये हालचाली सुरू केल्या, त्यांतून ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. तरीही गुण देण्याची जुनी पद्धत आणखी दशकभर टिकली. त्या पद्धतीत परीक्षक मैदानावर फिरत प्रत्येक चुकीसाठी, म्हणजे फुटलेल्या सुरासाठी किंवा रांगेतून सरकलेल्या पायासाठी, एकेक ‘टिक’ नोंदवून गुण वजा करीत असे. अवघड काही करायला गेले की चुका वाढतात आणि चुका वाढल्या की गुण कमी होतात, त्यामुळे सुरक्षित रचना अचूक बसवणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरत होता. १९८३ च्या हंगामानंतर ही पद्धत बंद झाली आणि १९८४ पासून काय साध्य केले त्याचे गुण द्यायचे असे ठरले. न्यू जर्सीच्या गारफील्ड कॅडेट्सनी मात्र टिकच्या त्या शेवटच्या वर्षीच, जॉर्ज झिंगाली यांनी आखलेल्या असममित आणि सतत वाहत्या ड्रिलच्या बळावर अजिंक्यपद मिळवले होते, हे लक्षात घेतले तर नियम बदलल्यावर कला बदलते हे विधान उलटेही वाचता येते.

आजची गुणपत्रिका शंभराची आहे. त्यांतील ४० गुण ‘जनरल इफेक्ट’ म्हणजे एकूण परिणामासाठी, ३० दृश्य अंगासाठी आणि ३० संगीतासाठी असतात. एकूण परिणामाचे परीक्षक वर गॅलरीत, प्रेक्षकांच्या मधोमध बसतात, आणि कार्यक्रमाने बुद्धीला, सौंदर्यदृष्टीला व भावनेला किती हात घातला हे त्यांनी पाहायचे असते. म्हणजे प्रेक्षकाला हलवण्याची अपेक्षा गुणपत्रिकेच्या बाहेर नाही, तिच्या सर्वांत वजनदार भागातच ती लिहिलेली आहे. अडचण अशी की टाळ्यांच्या आवाजावरून गुण ठरवायचे नसतात, आणि तरीही टाळ्या कानांवर पडल्याशिवाय राहत नाहीत. प्रत्येक परीक्षक या दोहोंमधून आपापली वाट काढतो, आणि त्या वाटेचा अंदाज घेणे हा रचनाकारांच्या कामाचा अलिखित भाग होऊन बसतो.

हे काम एका माणसाचे नसते. पितळी वाद्यांसाठी संगीताची पुनर्रचना करणारा, तालवाद्यांचा लेखक, ड्रिल आखणारा, कलर गार्डचा नृत्यदिग्दर्शक आणि या सर्वांना एका सूत्रात ठेवणारा कार्यक्रम-संयोजक, असा हा गट आधीच्या शरद ऋतूत बैठकांना सुरुवात करतो. कल्पना निवडताना सौंदर्याचा विचार जितका होतो तितकाच परवानग्यांचाही, कारण संगीताची पुनर्रचना करण्याचे आणि तिचे चित्रीकरण प्रसारित करण्याचे हक्क मिळाले नाहीत तर उत्तम वाटलेली कल्पना डिसेंबरातच बाद होते. हिवाळ्यातील शनिवार-रविवारच्या शिबिरांत संगीत बसू लागते, ड्रिल पुष्कळदा वसंतात येते, आणि संपूर्ण कार्यक्रम सलग असा जूनपर्यंत कोणीच पाहिलेला नसतो. कागदावर अर्थपूर्ण वाटलेला एखादा दुवा मैदानावर दिसतच नाही, हे कळते ते तेव्हाच.

जून ते ऑगस्ट हा काळ बाहेरून सादरीकरणाचा दिसतो, पण प्रत्यक्षात तो पुनर्लेखनाचा असतो. परीक्षक कार्यक्रम पाहतापाहता आपली टिप्पणी ध्वनिमुद्रित करीत जातो, ती मुद्रिते त्याच रात्री पथकाच्या हाती येतात, आणि अनेक स्पर्धांनंतर शिक्षक व परीक्षक यांची समोरासमोर चर्चा होते, जिला ‘क्रिटिक’ म्हणतात. या मुद्रितांत नेमकेपणा असतो: अमुक ठिकाणी झेंड्यांचा रंग संगीताच्या आधीच बदलला, तमुक ठिकाणी कुठे पाहावे ते कळले नाही. प्रेक्षकांकडून मिळणारी माहिती इतकी स्पष्ट नसते. टाळ्या कुठे आल्या, त्या पूर्ण उमटल्या की मध्येच विरल्या, लोक बसूनच राहिले की उठले, एवढेच काय ते समजते, आणि शांतता तन्मयतेची होती की गोंधळाची हे त्या शांततेवरून ओळखता येत नाही. ज्या माहितीला शब्द असतात तिच्यावर माणसे काम करतात. म्हणून कोणी मुद्दाम तसे ठरवले नाही तरी हंगाम पुढे सरकतो तसा कार्यक्रम परीक्षकाच्या दिशेने कलत जातो. दर आठवड्याला आणखी एक थर, हाताची आणखी एक हालचाल, पितळी वाद्यांच्या विश्रांतीत आणखी एक छोटी नृत्यरचना भरली जाते, कारण ‘इथे रिकामे वाटते’ असे कुणीतरी मुद्रितात म्हटलेले असते. तो रिकामेपणाच पहिल्यांदा पाहणाऱ्याला श्वास घ्यायला दिलेली जागा होता, हे तेव्हा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बाहेरच्या जाणत्या माणसाला उन्हाळ्यात एक-दोनदा बोलावून, काहीही न सांगता कार्यक्रम दाखवायचा, ही पद्धत काही पथके पाळतात; तिचा उपयोग मात्र दर माणसामागे एकदाच होतो, कारण दुसऱ्या वेळी तोही आतला झालेला असतो.

यात मैदानाचे भौतिकशास्त्रही आडवे येते. फुटबॉलचे मैदान गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत सुमारे ९१ मीटर लांब असते, आणि ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोहोचायला पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. जलद लयीत एवढ्यात एक-दोन स्वर निघून गेलेले असतात. वादकांनी शेजाऱ्याचे ऐकून नव्हे, तर मागून येणाऱ्या तालाशी किंवा पुढे उभे राहून ताल देणाऱ्या ड्रम मेजरच्या हाताशी जुळवून वाजवायचे, हे यावरचे उत्तर. पण लेखकाने नाजूक विणीचे संगीत लिहिले तर ती वीण छताच्या स्टेडियममधल्या प्रतिध्वनीत बुडते आणि गुणपत्रिका समोर असलेल्या कानालाच ती कशीबशी सापडते. मैदानभर पसरलेले वादक एका सरळ रेषेत येऊन सर्व वाद्यांची तोंडे प्रेक्षकांकडे वळवून पुढे चालत येतात, या ‘कंपनी फ्रंट’ नावाच्या जुन्या युक्तीला चाहते आजही उठून दाद देतात, आणि नव्या रचनाकारांना तिचा थोडा संकोच वाटतो. हा संकोच अनाठायी आहे. सगळे आवाज एकाच अंतरावरून, एकाच वेळी कानांवर आले की ते अंगावर येतात. त्यात भावनेइतकेच ध्वनिशास्त्र आहे.

या पेचाचे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण १९९३ चे आहे. ब्लूमिंग्टन येथील उद्योजक बिल कुक यांनी उभ्या केलेल्या स्टार ऑफ इंडियाना या पथकाने १९९१ मध्ये रेस्पिगीच्या भरदार, चित्रमय संगीतावर अजिंक्यपद जिंकले होते. दोनच वर्षांनी त्यांनी सॅम्युएल बार्बरचे ‘मीडिया’ आणि बार्टोकचे तंतुवाद्ये, तालवाद्ये व चेलेस्टा यांसाठीचे संगीत घेऊन, वेषापासून हालचालींपर्यंत सर्व अलंकार उतरवलेला, कोनदार आणि थंड दिसणारा कार्यक्रम मैदानावर आणला. सूडाच्या ग्रीक कथेचे हे रूप कथा म्हणून उलगडत नव्हते, आणि टाळी कुठे द्यायची याची खूणही देत नव्हते. काही ठिकाणी प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मिसिसिपीतील जॅक्सन येथे अंतिम फेरीत त्यांना ९७.३ गुण मिळाले आणि ९७.४ गुणांनी कॅडेट्स (पूर्वीचे गारफील्ड कॅडेट्स) अजिंक्य ठरले. त्यानंतर स्टार ऑफ इंडियानाने स्पर्धा कायमची सोडली. पुढे मात्र हाच कार्यक्रम या क्षेत्रातल्या सर्वांत प्रभावी कामांत गणला जाऊ लागला, आणि नंतरच्या पिढ्यांनी शरीराच्या हालचालींना ड्रिलइतके महत्त्व दिले त्याची एक मुळी त्यात सापडते. काळाने कलेला न्याय दिला, असा याचा गौरवाने अर्थ लावण्याची प्रथा आहे, पण अधिक साधे स्पष्टीकरणही पुरेसे आहे: चित्रफितींमुळे लोकांनी तो दुसऱ्यांदा, पाचव्यांदा, विसाव्यांदा पाहिला. स्टेडियममध्ये बसलेल्यांची रुची हलकी नव्हती, त्यांना एकच संधी मिळाली होती.

हाच धागा दुसऱ्या बाजूने १९८८ आणि १९८९ मध्ये दिसतो. कॅलिफोर्नियाच्या सांता क्लारा व्हॅनगार्डने ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ हा विषय १९८८ मध्ये सादर केला तेव्हा ते दुसरे आले. प्रेक्षकांशी उघड मैत्री करणारे संगीत आणि तुताऱ्यांचा दणका यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मॅडिसन स्काउट्सनी, ज्यांच्या त्या वर्षीच्या कार्यक्रमात ‘मालागेन्या’ होते, अजिंक्यपद नेले. पुढल्या वर्षी नवा विषय घेण्याचा प्रघात मोडून व्हॅनगार्ड पुन्हा ‘फँटम’ घेऊनच आले आणि जिंकले. रचना सुधारली होती हे खरेच, पण मैदानावर काय होणार आहे याची प्रेक्षकांची तयारीही एका वर्षाने वाढलेली होती. इलिनॉयच्या फँटम रेजिमेंटने २००८ मध्ये ‘स्पार्टाकस’ घेतले तेव्हा खाचातुरियानचे हे संगीत त्याच पथकाने १९८१ आणि १९८२ मध्ये वाजवलेले होते, गुलामांच्या बंडाची कथा चित्रपटामुळे घरोघरी माहीत होती, आणि एकामागून एक सदस्य ‘मीच स्पार्टाकस’ असे ओरडतात त्या क्षणाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता. अंतिम रात्री त्यांना ९८.१२५ गुण मिळाले, ब्लू डेव्हिल्स या पथकाला ९८.१००. हजारांशांत मोजायच्या या फरकाला कारण शोधण्यात अर्थ नाही. पण नाट्य आधीच ओळखीचे असल्याने प्रेक्षकांचे सारे लक्ष सादरीकरणाकडे लागू शकले, आणि मुलांनी ते लक्ष पुरेपूर वापरले, एवढे म्हणता येते. आपल्याकडे राज्य नाट्यस्पर्धेच्या प्रेक्षकाला पुराणातली कथा नव्याने मांडणारे नाटक पहिल्याच प्रयोगात सापडते आणि पूर्ण नवी प्रतीके घेऊन आलेले नाटक परीक्षकांच्या चर्चेपुरते उरते, त्यामागचे कारणही याहून वेगळे नसावे.

प्रेक्षकाला एका खेपेत अर्थ कळावा म्हणून शब्दांचाच आधार घ्यावा, हा मार्ग तंत्रज्ञानाने खुला केला. २००४ पासून ध्वनिवर्धकांना परवानगी मिळाली आणि काही पथकांनी कार्यक्रमात निवेदन आणले. २००७ च्या कॅडेट्सच्या ‘धिस आय बिलीव्ह’ मध्ये तर सदस्यांच्या बोलण्याला मध्यवर्ती जागा होती, आणि चाहत्यांच्या मोठ्या वर्गाने त्यावर कडवट नाराजी व्यक्त केली. ज्यांच्यासाठी अर्थ सोपा केला तेच चिडले, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. वास्तविक प्रेक्षकांना समजावून घ्यायचे नव्हते, त्यांना वाद्यांतून स्वतःहून समजायचे होते. २००९ मध्ये सिंथेसायझरसारख्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांनाही मान्यता मिळाल्यावर त्यांचा सर्वांत हुशार उपयोग शब्दांविनाच झाला. ओहायोच्या कँटनमधील ब्लूकोट्सनी २०१४ मध्ये ‘टिल्ट’ या कार्यक्रमात संपूर्ण पथकाचा सूर एकाच वेळी घसरत खाली जातो असा आभास घडवला. त्या प्रसंगी संगीताचे काहीही न शिकलेला माणूसही खुर्चीत तिरका होत असे आणि कार्यक्रमाचे नाव त्याला अंगाने कळत असे. महत्त्वाकांक्षा आणि आकर्षण हे दोन वेगळे हिशेब मानणाऱ्यांनी या एका युक्तीचा नीट विचार करावा. दोनच वर्षांनी याच पथकाने पारंपरिक टोप्या व गणवेश टाकून, उतरत्या घसरगुंड्या मैदानावर आणून ‘डाउन साइड अप’ वर आपले पहिले अजिंक्यपद मिळवले.

ब्लू डेव्हिल्सचे उदाहरण मात्र या साऱ्या विवेचनाला पूर्णपणे जुळत नाही, आणि ते तसे जुळवूनही घेऊ नये. कॅलिफोर्नियातील कॉन्कॉर्डच्या या पथकाने इतरांहून कितीतरी अधिक वेळा अजिंक्यपद मिळवले आहे, आणि २०१० नंतरच्या त्यांच्या कामाबद्दल ‘जिंकतात, पण कळत नाहीत’ ही तक्रार वारंवार ऐकू येते. २०१२ मध्ये त्यांनी झ्युरिकच्या दादावादी कलावंतांच्या ‘कॅबरे व्होल्टेअर’ वर, म्हणजे अर्थ नाकारण्यावरच उभ्या असलेल्या चळवळीवर कार्यक्रम केला आणि जिंकला. २०१४ च्या ‘फेलिनीएस्क’ ला मिळालेले ९९.६५ हे या स्पर्धेतील उच्चांकी गुण ठरले. पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यासाठी लिहूनही यश मिळते, हे त्यांनी सिद्ध केले. पण त्यांच्या सदस्यांचे कौशल्य इतके वरचे असते की अर्थ हाती न लागलेला प्रेक्षकही त्या कौशल्याकडे पाहत राहतो. तेवढे कौशल्य नसलेल्या पथकांनी त्यांचे अनुकरण केले की फक्त दुर्बोधता शिल्लक राहते.

आता ऑनलाइन प्रक्षेपणामुळे जूनमधला प्रयोग त्याच रात्री घरोघर पोहोचतो आणि ऑगस्टात स्टेडियममध्ये येणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तो आधी पडद्यावर पाहिलेला असतो. याने पेच सुटावा अशी अपेक्षा होती. घडले वेगळेच: पडद्यावर कॅमेरा कुठे पाहायचे ते ठरवतो, त्यामुळे लोकांना चेहरे आणि एकल वादन लक्षात राहते, आणि संपूर्ण मैदानाची आकृती, जिच्यासाठी ड्रिल लिहिले जाते, ती त्यांनी पाहिलेलीच नसते. रचनाकारांनीही हळूहळू मंच, पायऱ्या, मोठ्या वस्तू आणून कृती मैदानाच्या मध्यावर गोळा करायला सुरुवात केली आहे. याचा खर्च मोठा आहे आणि तो अखेर सदस्यांच्या हजारो डॉलरांच्या शुल्कात उतरतो. ज्यांच्या नावाशिवाय या खेळाचा इतिहास लिहिता येत नाही ते कॅडेट्स २०२४ मध्ये बंद पडले आणि सांता क्लारा व्हॅनगार्ड पैशांच्या अडचणीमुळे २०२३ च्या हंगामात मैदानावर उतरले नाही. त्यांची कारणे वेगवेगळी होती, पण तिकीट काढणारा प्रेक्षक पुन्हा यावा हा प्रश्न निव्वळ सौंदर्यशास्त्राचा उरलेला नाही, एवढे दोन्हींतून दिसते.

स्टार ऑफ इंडियानाच्या मंडळींनी स्पर्धा सोडल्यावर हाच प्रश्न परीक्षकांविना सोडवून पाहिला. त्यांच्यातून निर्माण झालेला ‘ब्लास्ट!’ हा रंगमंचीय प्रयोग १९९९ मध्ये लंडनला आला, २००१ मध्ये ब्रॉडवेवर गेला आणि त्याच वर्षी विशेष नाट्यप्रयोगासाठीचा टोनी पुरस्कार त्याने मिळवला. तिथे गुणपत्रिका नव्हती, प्रेक्षकांत माजी वादकही थोडेच होते, आणि जवळपास प्रत्येकजण पहिल्यांदा पाहणारा होता. प्रयोगाची सुरुवात रावेलच्या ‘बोलेरो’ ने, म्हणजे एकच धून पुन्हा पुन्हा ऐकवत वाढत जाणाऱ्या संगीताने होत असे, शेवट मॅडिसनवाल्यांच्या लाडक्या ‘मालागेन्या’ ने, आणि या दोहोंच्या मध्ये, ढोलवादकांच्या गमतीदार जुगलबंदीने सभागृह खुलल्यानंतर, बार्बरचे ‘मीडिया’ वाजत असे.